सेटी मागवली, आलं भलतंच! सोफा-दिवाण घेताना या चुका टाळा

जुळे सोलापुरातल्या आमच्या ताईनं गेल्या उन्हाळ्यात ऑनलाइन 'सेटी' मागवली. तिच्या डोळ्यासमोर आपली नेहमीची सेटी होती: पाठ नाही, खाली कप्पा, दुपारी भाऊजी पंख्याखाली आडवे होतात ती. खोकं उघडलं तर पाठ, दोन हात आणि चार नाजूक पायांचा दोघांपुरता सोफा निघाला. विकणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. इंग्रजीत सेटी म्हणजे पाठ-हात असलेला छोटा सोफाच. आपली सेटी तिथं 'दिवाण' म्हणून शोधावी लागते. भाऊजी मात्र अजून पाय हातावरून बाहेर लोंबकळत ठेवूनच झोपतात.

दिवाण घेताना गादी आणि लोड किमतीत धरलेत का, ते आधी विचारा. बऱ्याचदा नुसता लाकडी सांगाडा येतो. कप्पा वरून उघडतो की पुढून, हेही बघा. पुढून ड्रॉवर असेल आणि वर सोलापुरी चादर ऐसपैस अंथरलीत, तर एक उशी काढायलासुद्धा दरवेळी चादर वर खोचावी लागते.

सगळ्यात महागात पडते ती एल सोफ्याची चूक. 'डावा एल' म्हणजे कुणाचा डावा? काही दुकानदार समोर उभं राहून बघतात, काही बसणाऱ्याच्या बाजूनं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण लांब बाजू तुमच्या दारात येते. म्हणून शब्दावर राहू नका. कागदावर खोली काढा, दार, खिडकी, टीव्ही दाखवा, सोफा त्यात रेखा आणि तोच कागद ऑर्डरला जोडा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून 'हो, असाच' असं लेखी उत्तर घ्या.

'फाइव्ह सीटर'चंही तसंच. ते 3+1+1 असू शकतं, नाहीतर कोपऱ्याची बैठक धरून मोजलेला एल. त्या कोपऱ्यात बसणाऱ्याचे गुडघे शेजाऱ्याच्या गुडघ्यांना भिडतात, त्यामुळे पाहुणे आले की ती जागा पोरांच्याच वाट्याला. सीटर मोजू नका, इंच मोजा.

रिक्लायनर भिंतीला टेकवून ठेवायचा बेत असेल तर थांबा. साध्या रिक्लायनरची पाठ मागं जाते, तिला मागं जागा लागते. भिंतीलगत चालणारा 'वॉल हगर' प्रकार वेगळा मिळतो, तो नाव घेऊन मागा.

सोफा-कम-बेडमधला 'कम' लॅटिन आहे, अर्थ 'सह'. कमी जागेचा समजून घेऊ नका. उघडल्यावर तो पुढं पसरतो. उघडलेलं माप घेऊन फरशीवर खडूनं आखून पाहा. टीपॉय त्या रेषेच्या आत आला तर रोज रात्री तो उचलायची तयारी ठेवा. (टीपॉयमध्ये चहाची टी नाही बरं का. मुळात ती तिपाई, तीन पायांची.)