ओईटीचं लिसनिंग: ड्यूटी सांभाळून कान कसा तयार करावा

पहिल्या ओईटीत (ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) मला लिसनिंगमध्ये ३२० मिळाले. हवे होते ३५०. रीडिंग निघालं, स्पीकिंग निघालं आणि जे काम वॉर्डात रोज करते, म्हणजे पेशंटचं ऐकून घ्यायचं, त्यातच अडकले. कारण कळायला दोन महिने गेले. नर्स ऐकते ती चार्ट भरण्यासाठी. पेशंट म्हणतो ‘पोटात गोळा येतो’, आपण लिहितो ‘कॉलिक’. सवय चांगलीच आहे, पण या परीक्षेत तीच नडते. इथे पेशंटच्या तोंडचा शब्द हवा असतो, आपल्या मनातला नाही.

सरावाच्या एका ऑडिओत बाई सांगत होत्या की टाचेची जखम त्या ‘सॉल्ट वॉटर’ने धुतात. मी बिनदिक्कत ‘सॅलाइन’ लिहून मोकळी झाले. घरी मिठाच्या पाण्याने जखम धुणं आणि निर्जंतुक सॅलाइन वापरणं, यातला फरक वॉर्डात मीच दुसऱ्यांना समजावते. कानाने मात्र तो केला नाही.

खालची पद्धत मी दुसऱ्या प्रयत्नासाठी वापरली. आठ आठवडे, रोज साधारण पाऊण तास, तिन्ही शिफ्ट सांभाळून.

आधी पेपर ओळखा

लिसनिंगचा पेपर बाराही व्यवसायांना एकच असतो. नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मसिस्ट, सगळे तेच ऑडिओ ऐकतात. एकूण ४२ प्रश्न, वेळ पाऊण तासाच्या आत-बाहेर आणि प्रत्येक ऑडिओ एकदाच. मागे नेता येत नाही.

पार्ट ए मध्ये पेशंट आणि आरोग्य कर्मचारी यांचे दोन संवाद असतात, प्रत्येकी सुमारे ५ मिनिटांचे. समोरच्या नोट्समधल्या २४ रिकाम्या जागा भरायच्या. पार्ट बी मध्ये कामाच्या ठिकाणचे सहा छोटे तुकडे: ओव्हर देणं (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती सोपवणं), टीमला सूचना, सहकाऱ्यांची चर्चा. प्रत्येकावर एक प्रश्न, तीन पर्याय. पार्ट सी मध्ये मुलाखत किंवा भाषण अशी दोन मोठी ऑडिओ, प्रत्येकी सहा प्रश्न. ३५० पासून बी ग्रेड सुरू होते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला लिसनिंगमध्ये तेवढेच लागतात. दुसऱ्या देशाची तयारी असेल तर तिथल्या कौन्सिलचा नियम स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर राहू नका.

पहिली पायरी: एक पूर्ण टेस्ट, तयारी न करता

ओईटीच्या अधिकृत वेबसाइटवर नमुना टेस्ट फुकट मिळतात. एक घ्या, दार लावा, मोबाइल बाजूला ठेवा आणि न थांबवता पूर्ण सोडवा. मार्क किती पडले हे फारसं महत्त्वाचं नाही. कुठल्या पार्टमध्ये गळती आहे ते बघा. माझी गळती जवळजवळ सगळी पार्ट ए मध्ये होती आणि मी मात्र ‘अवघड’ म्हणून पार्ट सी घोकत बसले होते.

दुसरी पायरी: श्रुतलेखन

हो, शाळेतलंच. सगळ्यात कंटाळवाणी पायरी ही आणि सगळ्यात जास्त फायदा हिचाच, म्हणून हिच्यावर सर्वाधिक वेळ घालवा. सोडवून झालेल्या टेस्टमधला एक-दीड मिनिटाचा तुकडा घ्या. एक वाक्य ऐका, थांबवा, शब्दन् शब्द लिहा. तीन वेळा ऐकूनही कळलं नाही तर जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका. मग ऑडिओसोबतचा लिखित मजकूर उघडून ताडून बघा.

समजा पेशंट म्हणतो: ‘आय हॅड बीन गेटिंग अप थ्री ऑर फोर टाइम्स इन द नाइट, बट सिन्स दे चेंज्ड द टॅब्लेट्स इट्स डाउन टु वन्स.’ नोट्समध्ये आहे: सध्या रात्री लघवीला, आणि पुढे रिकामी जागा. असल्या जागी मी हमखास ‘थ्री ऑर फोर टाइम्स’ लिहायचे. का? तो माणूस ‘हॅड’ म्हणतच नाही, ‘आयड बिन’ असं काहीतरी पुटपुटतो. भूतकाळ तिथेच गिळला जातो. आकडा ठळक ऐकू येतो, कान त्याला चिकटतो आणि ‘डाउन टु वन्स’ येईपर्यंत मी पुढच्या जागेवर गेलेली असते.

आपण मराठी माणसं इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर नीट उच्चारतो, म्हणून समोरच्यानेही तसंच बोलावं अशी कानाची अपेक्षा असते. ते लोक ‘कम्फर्टेबल’चं ‘कम्फ्टबल’ करतात, ‘टेम्परेचर’चं ‘टेम्प्रचर’, ‘कुड हॅव’चं ‘कुडव’. ब्रिटिश पेशंटचा मायग्रेन बऱ्याचदा ‘मीग्रेन’ असतो आणि भूल देणारा डॉक्टर ‘अनीस्थटिस्ट’. ऑस्ट्रेलियन माणसाचं ‘टुडे’ पहिल्या दिवशी ‘टु डाय’ ऐकू आलं तर दचकू नका.

तिसरी पायरी: चुकांची वही

एका वहीत तीन रकाने आखा: मी काय लिहिलं, खरं काय होतं, का चुकलं. तिसरा रकाना टाळलात तर बाकीचे दोन फुकट. पंधरा दिवसांत तुमच्या चुकांचे चार-पाच ठरावीक प्रकार दिसायला लागतील. माझे असे निघाले: चार्टचा शब्द घुसडणं, जुनी तक्रार आणि आत्ताची तक्रार यांची गल्लत, आकडे, आणि पेशंटने स्वतःला दुरुस्त केलेलं निसटणं. ‘मंगळवारी, नाही नाही, बुधवारी’ असं पेशंट इंग्रजीतही बोलतातच. पहिलं लिहून थांबलात की गेलात.

आकड्यांसाठी वेगळी दहा मिनिटं काढा. ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटी असतो, ‘फिफ्टी’मध्ये सुरुवातीला. ०.५ ला ब्रिटिश नर्स ‘नॉट पॉइंट फाइव्ह’ म्हणते. तो ‘नॉट’ म्हणजे शून्य, नकार नव्हे. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे आपलं साडेसातच, तिथे उगाच डोकं चालवू नका. ‘फोर्टनाइट’ म्हणजे पंधरवडा, ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे दिवसाआड.

चौथी पायरी: दुखण्याचे शब्द मराठीतून लावा

बाजारात शब्दांच्या लांबलचक याद्या मिळतात. माझं मत विचाराल तर त्यातला निम्मा भाग आपल्याला आधीच येतो, कारण ते वैद्यकीय शब्द असतात. अडतं ते घरगुती इंग्रजीवर. त्यावर उपाय म्हणजे आपल्या पेशंटच्या तोंडचा मराठी शब्द घ्यायचा आणि तिकडचा पेशंट तेच कसं सांगेल ते शोधायचं. दुखण्याच्या बाबतीत मराठी काही कमी नाही. ठसठसतं ते ‘थ्रॉबिंग’, चमक मारते ते ‘शूटिंग पेन’, जळजळ ती ‘बर्निंग’, भोसकल्यासारखं दुखतं ते ‘स्टॅबिंग’, बारीक दुखत राहतं ते ‘डल एक’ (dull ache). मुंग्या येतात त्याला ‘पिन्स अँड नीडल्स’. अधूनमधून म्हणजे ‘ऑन अँड ऑफ’. उलटी झाली की ‘थ्रू अप’, शुद्ध हरपली की ‘पास्ड आउट’. ‘पास्ड अवे’ म्हणजे मात्र माणूस गेला. हा फरक फॅमिली हिस्टरीच्या प्रश्नात पुरेसा महाग पडतो. आणि ब्रिटनमधले आजोबा ‘वॉटरवर्क्स’चा त्रास सांगायला लागले तर ते नळाबद्दल नाही, लघवीबद्दल बोलत असतात.

रोज असे पाच शब्द, आणि तेही दुपारच्या राउंडला पेशंटच्या तक्रारी ऐकताना मनातल्या मनात. वेगळा वेळ लागत नाही.

पाचवी पायरी: तिन्ही पार्ट, तीन तऱ्हेने

पार्ट ए च्या आधी नोट्स वाचायला ३० सेकंद मिळतात. त्यात सगळं वाचून होत नाही. मथळे बघा आणि प्रत्येक जागेत काय बसेल याचा अंदाज घ्या: औषध, अवयव, मुदत की भावना? उत्तरं नोट्सच्या क्रमानेच येतात. एक जागा हुकली तर सोडून पुढे चला, तिच्या मागे लागलात की पुढच्या दोन जातील. ऐकलेलाच शब्द लिहा, थोडक्यात लिहा. स्पेलिंग ब्रिटिश असो वा अमेरिकन, दोन्ही चालतात.

पार्ट बी मध्ये प्रश्न वाचायला १५ सेकंद असतात. कोण कोणाशी बोलतंय आणि प्रश्न नेमका काय विचारतोय, एवढंच टिपा. तिन्ही पर्यायांतले शब्द ऑडिओत कानावर पडतात, त्यामुळे ‘कीवर्ड ऐकला की टिक’ ही युक्ती इथे हमखास बुडवते. मी ज्या क्लासला गेले होते तिथे महिनाभर हीच युक्ती घोटवून घेतली, आणि फी आगाऊ. त्यापेक्षा ओव्हर घेताना करतो ते करा. पूर्ण ऐका आणि मग एका वाक्यात स्वतःला सांगा, ‘हिला माझ्याकडून काय हवंय?’ ते वाक्य ज्या पर्यायाशी जुळेल तो बरोबर.

पार्ट सी मध्ये प्रत्येक ऑडिओआधी ९० सेकंद मिळतात. इथे बहुतेक प्रश्न वक्त्याच्या मताचे असतात. पर्याय वैद्यकीयदृष्ट्या खरा असू शकतो आणि तरीही उत्तर म्हणून चुकीचा, कारण वक्ता ते बोललेलाच नसतो. ‘इनिशियली आय वॉज स्केप्टिकल’ म्हणजे आधी शंका होती. आता काय, ते पुढच्या वाक्यात येतं. ‘अॅडमिटेडली’ ऐकलं की समजा, समोरच्याचा मुद्दा मान्य करून गडी आता स्वतःचा मांडणार. कान तयार करायला बीबीसी रेडिओ ४ चा ‘इनसाइड हेल्थ’ आणि ऑस्ट्रेलियाच्या एबीसीचा ‘हेल्थ रिपोर्ट’ चांगले. दहा मिनिटं ऐकायचं, मग ‘हा माणूस खूश आहे, साशंक आहे की वैतागलाय?’ एवढं मराठीत सांगायचं. पार्श्वभूमीला लावून भाजी चिरत ऐकलं तर तो सराव धरू नका.

शेवटचे दोन आठवडे

आता थांबवून ऐकणं बंद. एक दिवसाआड पूर्ण टेस्ट, एकदाच ऐकून. कागदावर द्यायची की कॉम्प्युटरवर, हे ठरवून तसाच सराव करा. ऐकता ऐकता टाइप करणं वेगळं कसब आहे आणि ते ऐनवेळी येत नाही. एखादी टेस्ट मुद्दाम इव्हिनिंग ड्यूटी करून आल्यावर द्या, थकलेला कान कुठे दगा देतो ते कळतं. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र नाईट घेऊ नका. इन्चार्ज सिस्टरना महिनाभर आधी सांगून ठेवा. ‘बघू’ म्हणाल्या तर अदलाबदलीला मैत्रीण तयार ठेवा.

कागदी परीक्षेत शेवटी तपासायला २ मिनिटं मिळतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा त्या दोन मिनिटांत आधी रिकाम्या जागा भरा. मग पार्ट ए वर नजर फिरवा: अनेकवचनाचा एस राहिलाय का, आकड्यापुढे दिवस की आठवडे. बी आणि सी मधली उत्तरं मात्र, पक्कं कारण असल्याशिवाय, बदलायला जाऊ नका.