महिन्यात ४५ दिवस कुठून आले?

"ताई, महिन्यात ४५ दिवस असतात का?" नव्याने आलेल्या एका मुलाने विचारलं. आजूबाजूचे हसले. मीही हसले आणि मान वर न करता सांगून टाकलं, "लेफ्ट नको, डे फंक्शन लाव." एक्सेलवर अडलेली माणसं वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात, त्यामुळे असली उत्तरं तोंडावरच असतात. हे उत्तर चुकलं.

तारखेतला दिवस हवा म्हणून त्याने तारखेच्या रकान्यावर लेफ्ट, म्हणजे डावीकडची अक्षरं काढून देणारं फंक्शन, लावून पहिली दोन अक्षरं काढली होती. डे हे तारखेतला दिवस काढून देतं. एक्सेल तारीख आकडा म्हणून साठवतं: १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तसं मोजत आलं की १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. म्हणून ४५. इथवर मी बरोबर होते. पण त्याच्या संगणकावर आधी महिना, मग दिवस अशी मांडणी होती. ०३/०८/२०२४ ही त्याची ३ ऑगस्ट एक्सेलने ८ मार्च धरली. १५/०८/२०२४ मध्ये पंधरावा महिना कुठून सापडणार? ती नुसता मजकूर म्हणून पडून राहिली, आणि लेफ्टने तिथे बरोबर १५ काढून दिले! माझं डे लावल्यावर ३ च्या जागी ८ आले. ४५ चुकीचं आहे हे कुणालाही कळतं. ८ गुपचूप खपून जातो.

तेव्हापासून मी उत्तराआधी दोन ओळी दाखवायला सांगते: एक बिघडलेली, एक नीट चाललेली. तुम्हीही तेवढं कराच. निम्म्या वेळा फरक तिथेच दिसतो. मग विचारा, "यातून शेवटी काय काढायचंय?" या मुलाला दिवस नकोच होता, महिन्यावार बेरीज हवी होती. फाइल पुन्हा आत घेताना त्या रकान्याला 'दिवस-महिना-वर्ष' असा क्रम सांगितला आणि पिव्होट टेबल, म्हणजे गटवार बेरीज करून देणारा तक्ता, लावलं, काम झालं.

माउस मात्र त्याच्याच हातात राहू द्या. (मला हे अजून जमत नाही, हात आपोआप पुढे जातो.) "सोपंय रे" म्हणू नका, सोपं असतं तर तो उठून आला असता का? आणि "आधी शोधून बघ" म्हणायचंच असेल, तर शोधायचा शब्द द्या. तारखेची मांडणी ठरवणाऱ्या सेटिंगचं 'रीजनल सेटिंग' हे नावच ठाऊक नसलेला माणूस शोधणार काय?

तोच प्रश्न तिसऱ्याने विचारला, की मी माणसाकडे नाही, फाइलकडे बघते. त्या तारखांच्या रकान्यावर आता पिवळ्या रंगात 'दिवस आधी' असं लिहिलेलं आहे. ते मी नाही लिहिलं, त्या मुलानेच लिहिलं.