थायरॉइड कॅन्सरचा रिपोर्ट: बीआरएएफ पॉझिटिव्ह आलं म्हणजे नेमकं काय समजायचं

रिपोर्टमध्ये 'बीआरएएफ व्ही६००ई पॉझिटिव्ह' दिसलं की बहुतेकांच्या पोटात गोळाच येतो. पण पॅपिलरी थायरॉइड कॅन्सरच्या साधारण निम्म्या गाठींमध्ये हे म्युटेशन, म्हणजे बीआरएएफ जीनमधला बदल, असतंच, आणि त्यातले बरेचसे पेशंट ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं ठणठणीत असतात. त्यामुळे फक्त या एका ओळीवरून कॅन्सर किती आक्रमक आहे ते ठरवू नका.

आधी प्रकार बघा. पॅपिलरी, फॉलिक्युलर, मेड्युलरी की अ‍ॅनाप्लास्टिक, कारण प्रकार बदलला की मार्करही (आजाराबद्दल सांगणाऱ्या जीनमधल्या किंवा रक्तातल्या खुणा) बदलतात. मग ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) काढा आणि त्यात टॉल सेल किंवा हॉबनेल (पॅपिलरीचे जास्त आक्रमक उपप्रकार) असे शब्द आहेत का, कॅन्सर रक्तवाहिन्यांमध्ये शिरलाय का, ग्रंथीच्या बाहेर गेलाय का, नेक्रोसिस (गाठीतल्या पेशी मेलेल्या असणं) लिहिलंय का हे शोधा. या काही जीन टेस्ट नाहीत, मायक्रोस्कोपखाली दिसलेल्या गोष्टी आहेत, पण मला विचाराल तर अनेक जीन एकत्र तपासणाऱ्या महागड्या पॅनलच्या आधी हेच वाचावं.

आता जीन्स. खरी नजर टीईआरटी प्रमोटरवर, म्हणजे टीईआरटी जीन चालू-बंद करणाऱ्या भागातल्या म्युटेशनवर ठेवायची, रिपोर्टमध्ये ते सी२२८टी किंवा सी२५०टी असं लिहिलेलं असतं. बीआरएएफ आणि टीईआरटी दोन्ही एकत्र आले की कॅन्सर परत येण्याचा धोका एकट्या कुठल्याहीपेक्षा बराच जास्त असतो. कारण असं की बीआरएएफमुळे पेशीला 'वाढ, वाढ' असा सिग्नल सतत जात राहतो, तोच सिग्नल बदललेल्या टीईआरटीला अजून जोर देतो, मग टेलोमरेज (पेशीला विभागत राहू देणारं एन्झाइम) तयार होतं आणि पेशी म्हातारी व्हायचं नावच घेत नाही. शिवाय बीआरएएफमुळे पेशी आयोडीन कमी ओढतात, म्हणून रेडिओआयोडीनचा (किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराचा) उपयोग कमी होऊ शकतो. सोबत टीपी५३ जीनमधलं म्युटेशन पण दिसलं तर डॉक्टरांशी लगेच सविस्तर बोला. एकटं आरएएस जीनमधलं म्युटेशन असेल तर घाबरायची घाई नको, ते कॅन्सर नसलेल्या साध्या गाठींमध्येही सापडतं.

मेड्युलरीचं गणितच वेगळं. तिथे रक्तातलं कॅल्सिटोनिन आणि सीईए (या कॅन्सरच्या पेशी रक्तात सोडतात ते दोन पदार्थ) बघतात, आणि एका आकड्यापेक्षा तो किती दिवसांत दुप्पट होतोय ते महत्त्वाचं. सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाला तर काळजीचं, दोन वर्षांहून जास्त लागली तर आजार सहसा संथ चाललाय. गाठीत आरईटी जीनमधलं एम९१८टी म्युटेशन सापडलं तर कॅन्सर जास्त आक्रमक असू शकतो. आणि मेड्युलरीच्या प्रत्येक पेशंटची रक्तातून आनुवंशिक आरईटी टेस्ट व्हायला हवी, कारण ते घरातल्यांमध्येही असू शकतं.

राहिलं थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रोटीन, जे पॅपिलरी-फॉलिक्युलरमध्ये रक्तात बघतात. पूर्ण ग्रंथी काढल्यानंतरच त्याला खरा अर्थ येतो, ऑपरेशनआधी ते कितीही असलं तरी त्यावरून कॅन्सर ठरत नाही. प्रत्येक वेळी अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडी पण तपासून घ्या, त्या असतील तर आकडा खोटा कमी येऊ शकतो आणि आपण उगाच निर्धास्त राहतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये टेस्ट करा आणि वहीत तारीख, आकडा आणि त्या दिवशीचं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) असं लिहून ठेवा, म्हणजे चढतंय की उतरतंय ते कळेल. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टच्या आधी सांगा, त्यानेही आकडा बिघडतो.