माळवद उतरवून पाया खणण्याआधी

जुनं माळवदाचं, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं घर बांधायचं ठरलं की गुत्तेदार चौरस फुटाचा दर सांगतो. त्या दरात जमिनीखालचं फारसं धरलेलं नसतं, आणि गावठाणात खर्च वाढतो तो नेमका तिथंच. म्हणून बोली पक्की करण्याआधी अंगणात जेसीबीनं एक खड्डा घेऊन बघा. पक्का मुरूम लागेपर्यंत खणायचं, आत कुणालाही उतरवायचं नाही, आणि बघून झालं की लगेच बुजवायचा. वरची पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेणमाती आणि पडक्या भिंतींचा भराव, ती दबते. काळी पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया या दोन्हींवर टेकवू नका.

आता हिशेब. बारा कॉलम, प्रत्येकाला 5 बाय 5 फुटांचा खड्डा, 6 फूट खोल: 1,800 घनफूट, म्हणजे 18 ब्रास (100 घनफुटांचा एक ब्रास). मुरूम 9 फुटांवर लागला तर तेच 27 ब्रास होतात. उकरलेली माती सैल होऊन साधारण सव्वापट भरते, त्यामुळे वाहतूक जवळपास 34 ब्रासची धरा. 6 फुटांपुढच्या खोदाईचा दर आणि खडक लागल्यास ब्रेकरचा ताशी दर बोलीत वेगळा लिहून घ्या. मशीन तासावर असेल तर काम सुरू होताना आणि थांबताना तासमीटरचा फोटो काढा.

पाडकामाचा ढीगही लहान नसतो. 20 बाय 30 फुटांच्या माळवदावर फूटभर माती असली तर 6 ब्रास. दोन फूट जाडीच्या, दहा फूट उंच, एकूण शंभर फूट लांब भिंतींचे 20 ब्रास. दगड सोलिंगसाठी, म्हणजे फरशीखालच्या दगडी थरासाठी ठेवा, सागवानी तुळया नि खांब मोजून विका, पण माळवदाची माती जोत्यात भरू नका. बाहेरून मुरूम घेताना वाहतूक परवान्याची पावती मागा.

पाडण्याआधी महावितरणकडून वीज तोडून मीटर काढून घ्या, नळजोड बंद करा, आणि शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या भिंतींच्या जुन्या भेगांचे तारखेसह फोटो काढा. पुढचा निम्मा वाद तिथंच मिटतो.

पाडायचं वरून खाली. आधी माळवदावरची माती पाणी शिंपडत, थोडी थोडी उतरवा. खालच्या किलचणी, म्हणजे तुळयांवरच्या बारीक लाकडी पट्ट्या कुजलेल्या असू शकतात, म्हणून वजन तुळईवर टाका. भिंतीला खालून जेसीबीचं बकेट कधीच लावू नका. या भिंतींना बाहेरून-आतून दगडांचे दोन थर, मध्ये माती नि चुरा, आणि दोन्ही थर बांधणारे जोडदगड बहुधा नसतातच. खालून धक्का बसला की भिंत पोटातून फुटते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली. दगडांच्या फटीत हात घालण्याआधी पहार फिरवा, साप-विंचू असतात.

सगळ्यात घातक जागा म्हणजे पेव (धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा) आणि बुजवलेला आड (लहान विहीर). वाड्याच्या जागेत जाणत्या माणसांना विचारून त्या खुणा चुन्यानं आखा. बंद पेवात प्राणवायू कमी असतो, धान्याच्या कुजण्यानं विषारी हवा साठते. पहिला बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो, आणि दोघंही जातात. झाकण काढून वरूनच मुरूम भरा, कुणीही उतरू नये. आडावर कॉलम येत असेल तर इंजिनिअरकडून जागा सरकवून घ्या.

पाच फुटांपेक्षा खोल खड्ड्याची बाजू उतरती ठेवा किंवा फळ्यांचा आधार द्या. उकरलेली माती काठापासून किमान पाच फूट लांब टाका. शेजारची भिंत लागून असेल तर तिच्या कडेनं सलग चर नको. चार-पाच फुटांचा एक तुकडा खणा, भरून घ्या, मधला टप्पा सोडून पुढचा घ्या.

काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. उन्हाळ्यात क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं पाणी टँकरनं आणावं लागतं, जूनच्या पावसात खड्ड्यांच्या कडा ढासळतात. तळाला मुरूम दिसला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चार इंच पीसीसी, म्हणजे सळईविना साधं काँक्रीट टाका. पाणी साचून तळ मऊ झालाच, तर तो चिखल खरडून काढल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका.