जुनी मोटरबोट बघायला निघालात? आधी मागची फळी बघा

पहिली बोट जुनीच घ्या असं सगळे सांगतात, मीही तेच सांगेन. नवी घेऊन पहिल्याच महिन्यात आमच्या तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये खडकावर घासली की आठ दिवस जेवण जात नाही. जुनीवर चार ओरखडे आधीचेच असतात. पण बघायला जाताना मी जे केलं ते करू नका. मी साडेतीन तास इंजिन बघितलं आणि मागच्या फळीकडं ढुंकून पाहिलं नाही.

आपल्याकडं इंजिन सगळ्यांना कळतं. विहिरीवरचं डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, फटफटी यांच्यातच वाढलेली माणसं आपण, आवाजावरून रिंगा गेल्यात की आणखी काय ते पोरगंही सांगतं. म्हणून बोट बघायला गेलं की सगळे इंजिनाभोवती गोळा होतात. विकणाऱ्यालाही ते बरंच पडतं. मी किनाऱ्यावर जाऊन बघितली ती सोळा फुटी फायबरची बोट आणि तिला चाळीस हॉर्सपॉवरचं बाहेरून टांगायचं इंजिन. प्लग काढले, कॉम्प्रेशन मोजलं, धूर बघितला, विकणाऱ्याला चांगलं घामाघूम केलं आणि दहा हजार कमी करून घेतल्याच्या खुशीत बोट पिकअपवर चढवून कसारा घाट चढलो. तिसऱ्या फेरीला चांगदेवच्या पुढं, तापी-पूर्णेच्या संगमाकडं जाताना थ्रॉटल ओढला आणि मागून ऊस मोडल्यासारखा कर्र आवाज आला. वळून बघतो तर इंजिन उताणं व्हायला लागलेलं. भाच्यानं दोन्ही हातांनी त्याचं टोपण धरलं आणि ओरडला, "मामा, बंद करा, बंद करा!" बंद केलं. मग एक वल्हं आणि बर्फपेटीचं झाकण, यांच्यावर पाऊण तास काढला. शेवटी जाळी उचलायला आलेल्या दोघांनी त्यांच्या होडीला बांधून काठाला आणलं. नेताना हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार.

तर बघायला जाताना न्यायचं सामान. उजेडाला बॅटरी (टॉर्च), स्क्रूड्रायव्हर, प्लगपाना, पांढरं फडकं, मोजायची टेप आणि प्लास्टिकची किंवा लाकडी छोटी हातोडी. लोखंडी नको. कॉम्प्रेशनचं मीटर ओळखीच्या मेकॅनिककडून मागून घ्या. मेकॅनिकच सोबत आला तर उत्तम, फक्त त्यालाही आधीच सांगून ठेवा की पहिला अर्धा तास इंजिनाला हात लावायचा नाही. सकाळी जा. फोनवर सांगून ठेवा की इंजिन आधी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर टोपण काढून तळहात लावा. गरम लागलं तर त्यानं तुम्ही यायच्या आत फिरवून घेतलंय, आणि गार इंजिन चालू व्हायला किती रडतं ते तुम्हाला कळणार नाही. उद्या परत येतो म्हणा.

आता मागची फळी. कागदोपत्री तिला ट्रान्सम म्हणतात. इंजिन हिच्यावरच टांगलेलं असतं. बाहेरून आतून फायबर दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं अख्खी फायबरच आहे. जुन्या बोटींत बहुतेक वेळा त्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट, पाणी सोडायचं भोक, शिडीचे स्क्रू, कुणीतरी कधी लावलेला आणि काढलेला काहीतरी क्लॅम्प, यांतलं एखादं भोक नीट बुजवलेलं नसलं की पाणी आत शिरतं आणि प्लायच्या थरांतून पसरत जातं. वरून रंग चकचकीत, आत भिजलेला भुसा. त्यावर सत्तर-पंचाहत्तर किलोचं इंजिन. नुसतं वजन असतं तर एक वेळ निभलं असतं. पण इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) खाली पाण्यात बोटीला पुढं ढकलतो आणि पकड वर फळीच्या काठाला असते, म्हणजे पहारीनं दगड उचकटावा तशी तरफ बसते: फळीचा खालचा भाग पुढं दाबला जातो, वरचा मागं ओढला जातो. जितका जोरात थ्रॉटल तितकी जोरात उचकटपट्टी.

तपासायचं असं. इंजिन अर्धवट वर उचलून ठेवा, खाली पंख्याजवळ दोन्ही हातांनी धरा आणि वरखाली दाबा. सोबतच्या माणसानं त्या वेळी इंजिनाकडं नाही, फळीकडं बघायचं. फळी जरा जरी वाकली, श्वास घेतल्यासारखी हलली, तर संपलं. मग दोन्ही कोपरे बघा, फळी बाजूंना मिळते तिथं केसासारख्या चिरा आहेत का. बोल्टच्या वॉशरखाली फायबर खोल दबलंय का. मग हातोडी. वरून खाली, वीतभर अंतरावर हलकेच वाजवत जा. चांगली फळी टणटण बोलते. सडलेली भिजल्या पोत्यावर मारल्यासारखी भद्द वाजते. कलिंगड वाजवून घेता ना, तेवढाच कान पुरतो. शेवटी, आणि हे विकणाऱ्याला विचारून, सगळ्यात खालचा एखादा बारका स्क्रू काढा. कोरडा निघाला, त्याच्या आट्यांत पिवळट कोरडा भुसा निघाला, तर बरं. भोकातून काळ्या चहासारखं पाणी ओघळलं तर हातोडी पिशवीत टाका आणि घरी या. स्क्रू काढू देत नाही म्हणाला तरी घरी या.

माझ्या बोटीला मागं नवीकोरी ॲल्युमिनियमची पट्टी होती, कडेनं सिलिकॉन. मी म्हटलं, वा, माणूस बोट सांभाळतो. काठावर आणल्यावर अमळनेरकडच्या आमच्या मिस्तरींनी ती पट्टी उचकटली, आत बोट घातलं, आणि बोटाला जे लागलं ते माझ्या नाकापुढं धरलं. कुजलेल्या कडब्याचा वास. म्हणाले, "भाऊ, हाई लाकूड बठ्ठं सडेल शे." मग आतला पापुद्रा कापून, फावड्यानं काढावा तसा तो लगदा काढून, नवं मरीन प्लाय बसवून वर फायबरचे थर चढवले. खर्च सांगत नाही. घरी अजून खरा आकडा माहीत नाही.

म्हणून मागच्या फळीवर नवी पट्टी, नवा रंग, ताजं सिलिकॉन दिसलं आणि बाकीची बोट मात्र जुनाट असली, तर आधी तिथंच संशय घ्या. आणखी एक: बोट किती हॉर्सपॉवरसाठी बांधलेली होती ते विचारा. पंचवीसच्या बोटीला चाळीस लावलेलं असतं, सर्रास. माझीही तशीच निघाली. टेप काढलीच आहे तर फळीची उंची मोजा; इंजिनाचा दांडा साधारण पंधरा इंची किंवा वीस इंची येतो आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या बुडाच्या रेषेत यायला हवी. आखूड दांडा उंच फळीवर लावला तर पंखा हवा पितो, गर्रकन फिरतो, बोट जागची हलत नाही.

बाकीची बॉडी. बुडाखाली झोपून बघा, चिखल लागेल, लागू द्या. वरवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा चालतात. एका जागी गोल दबून फुटलेलं असेल तर तिथं दगड लागलाय. बारीक फोड फुटून आंबूस वासाचं पाणी येत असेल तर फायबरमध्ये पाणी मुरलंय. आत उतरून टाचेवर जोर देत सगळीकडं चाला. पायाखाली गादीसारखं दबलं की खालचं लाकूड गेलं. रंग उडालेला, हात लावला की पांढरी भुकटी, यानं घाबरू नका. भुसावळच्या 45 अंशांच्या पुढच्या उन्हात एक उन्हाळा काढला की तुमचीही तशीच होणार आहे. आणि परत एकदा मागं जाऊन फळी वाजवा. हो, परत.

आता इंजिन, जे तुम्हाला येतंच. तरी पाण्यातल्या इंजिनाच्या तीन गोष्टी फटफटीत नसतात. एक, ते बाहेरच्या पाण्यानं थंड होतं, आणि पाणी खेचायला आत रबराचा इम्पेलर असतो. कोरडं चालवलं तर तो थोड्या वेळातच जळतो. "जरा आवाज ऐकवतो" म्हणून कुणी कोरडं चालू केलं तर हात धरा. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून पंखा बुडवायला सांगा. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सुटली पाहिजे, सलग. ठिबकत असेल तर नळी गाळानं बुजलीय किंवा इम्पेलर गेलाय. इम्पेलर तसाही दोन-तीन वर्षांनी बदलायचाच असतो, आणि तापीच्या गाळाच्या पाण्यात त्याआधीच. दोन, खालच्या गियरचं तेल. तळाचा स्क्रू किंचित सैल करून थेंबभर पांढऱ्या फडक्यावर घ्या. दुधाच्या चहासारखं निघालं तर सील गेलंय, पाणी आत आलंय. स्क्रूच्या टोकाला चिकटलेला बारीक करडा चुरा ठीक, लोखंडाचे कण नकोत. तीन, समुद्रातली बोट असेल तर मीठ. टोपणाखाली पांढरी बुरशी, फुगलेला रंग, गंजून एकजीव झालेले बोल्ट. गोड्या पाण्यातली मिळाली तर हजारभर जास्त द्या.

कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं सारखं हवं, दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. आकडा किती यापेक्षा आपसातला फरक बघा. टू-स्ट्रोक असेल तर तेलाचं प्रमाण त्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्या, गावातल्या ऐकीव मापानं नाही. पेट्रोलची नळी, दाबायचा रबरी फुगा, टाकी यांना पैसे मोजू नका, बदलायचेच धरा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. केरोसिनवरचं असेल तर पेट्रोलवर चालू करून मग केरोसिनवर घ्यायचं आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचं, हे विकणारा स्वतः करतो का ते बघा. करत नसेल तर कार्बोरेटर कसा असेल ते समजून जा.

स्टिअरिंगची केबल जड नको. मनगटाला बांधायची ती लाल दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का बघा. निम्म्या जुन्या बोटींत ती नुसती शोभेला असते. बोट न्यायच्या ट्रॉलीचं चाक वर उचलून फिरवा, खरखर आली तर बेअरिंग. काळ्या मातीत उतरवायची असेल तर रुंद टायर.

कागद. इंजिनाची बोट म्हणजे नोंदणी आणि सर्व्हे लागतो; 1917 चा जुना कायदा जाऊन आता 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. नोंदणीवर विकणाऱ्याचंच नाव हवं. इंजिनाचा नंबर कागदाशी स्वतः ताडा, घासलेला असेल तर उठा. धरणात उतरवायला पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी, आणि मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडं असेल त्यांना आधीच भेटून घ्या. नाहीतर त्यांच्या जाळ्यात पंखा अडकणार आणि शिव्या तुम्ही खाणार. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे कधी किती उघडतील सांगता येत नाही, तेव्हा बोट काठावर, उलटी.

पाण्यातली चाचणी घेतल्याशिवाय पैसे नाहीत. विकणाऱ्याला बसवा, शिवाय दोन माणसं, म्हणजे खरं वजन होईल. हळू, मग पूर्ण थ्रॉटल, मग एकदम कमी, मग रिव्हर्स. तुम्ही चालवू नका. तुम्ही मागं तोंड करून बसा आणि फळीकडं बघा. रिव्हर्सला आणि पूर्ण थ्रॉटलला ती हलते का, एवढंच. काठावर आल्यावर बुडात किती पाणी साचलं ते बघा.

लाइफ जॅकेट, वल्ही दोन (दोन!), दोर, उपसायला डबा. घासाघीस तुमची तुम्ही करा.

टोकन द्यायच्या आधी परत मागं जा, हातोडी काढा, वाजवा. त्याला वाटेल डोकं फिरलंय. वाटू द्या.

आणि पहिल्यांदा पाण्यात सोडताना मागच्या भोकाचं बूच लावलंय का बघा. ते मी विसरलो नव्हतो. भाचा विसरला होता.