गोष्ट तुमची, ताबाही तुमचाच: मानवी तस्करीतून सुटल्यानंतर सावरण्यासाठी आणि बोलण्यासाठी

सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तुमची गोष्ट सगळ्यांनाच हवी असते. पोलिसांना जबाब हवा असतो, डॉक्टरांना पूर्वेतिहास, संस्थेला भरलेला फॉर्म, घरच्यांना उत्तरं आणि एखाद्या पत्रकाराला मुलाखत. उपचार आणि खटला यांना लागेल तेवढं सांगावं लागतं. त्यापलीकडे कुणाचंही तुम्ही काही देणं लागत नाही. सावरणं हे एक काम आहे आणि इतरांसाठी आवाज उठवणं हे दुसरं. बोललात तर बरे व्हाल, असं कुणी म्हणालं तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बरेच जण घाईने बोलतात आणि मागे पडतात.

आधी शरीर, कारण काही गोष्टी घड्याळावर चालतात. लैंगिक अत्याचार नुकताच झाला असेल तर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ती २८ दिवस रोज घ्यावी लागतात. दहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवली तर उपयोग राहत नाही. मळमळ होत असेल तर गोळी टाळू नका, डॉक्टरांना सांगा. तातडीचं गर्भनिरोधक पाच दिवसांपर्यंत देता येतं, पण गोळीचा असर दिवसागणिक कमी होत जातो. एचआयव्हीची पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. संसर्ग चाचणीत दिसायला वेळ लागतो. तो चाचणीच्या प्रकारावर अवलंबून असतो आणि काही चाचण्यांत ९० दिवसांपर्यंत जातो. पुन्हा कधी यायचं ती तारीख लिहून घ्या. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर त्याच भेटीत विचारा.

मजुरीसाठी राबवलं गेलेल्यांकडे डॉक्टरांचं लक्ष कमी जातं. तस्करी म्हणजे देहविक्रय, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. पाठ, सांधे, जुनी न जुळलेली हाडं, धूळ आणि रसायनांमुळे धरलेला श्वास, कमी झालेली नजर, किडलेले दात, हे सगळं स्वतःहून सांगा. दातांच्या डॉक्टरांकडे जाणं अनेकांना सर्वांत अवघड जातं: मागे झुकलेली खुर्ची, तोंडात हात, बोलता न येणं. उपचार सुरू होण्याआधीच ठरवून घ्या की डावा हात वर केला की ते थांबतील. कुठल्याही तपासणीत हे करता येतं. शिवाय कोणती तपासणी कशासाठी आहे ते विचारण्याचा आणि नको असलेली नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

फोन आणि कागद

तस्कराने दिलेला किंवा हाताळलेला फोन वापरणं थांबवा, पण तो पुसून टाकू नका. त्यातले मेसेज, कॉलची नोंद, पैशांचे व्यवहार हा पुरावा असतो. तो बंद करून वकिलाकडे किंवा तपास अधिकाऱ्याकडे द्या आणि दिल्याची पोच घ्या. नव्या फोनवर नवीन खातं उघडा. जुनंच खातं चालवायचं असेल तर तीन गोष्टी तपासा: पासवर्ड परत मिळवण्यासाठी कुणाचा नंबर किंवा ईमेल जोडलेला आहे, इतर कोणत्या उपकरणांवर ते खातं चालू आहे आणि ठावठिकाणा कुणाला दिसतो आहे. पासवर्ड बदलूनही माग लागतो तो बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीमुळेच.

खासगी फोटो किंवा व्हिडिओ पसरण्याची भीती असेल तर प्रौढांसाठी स्टॉपएनसीआयआय आणि १८ वर्षांखाली असताना काढलेल्या चित्रांसाठी टेक इट डाउन या मोफत सेवा आहेत. तुमच्याच फोनवर त्या चित्राचा एक डिजिटल ठसा तयार होतो. मूळ चित्र कुठेही पाठवलं जात नाही, सहभागी कंपन्यांना फक्त तो ठसा मिळतो. लहान वयातल्या चित्रांचे स्क्रीनशॉट काढून पुरावा म्हणून कुणाला पाठवू नका. ते कायद्याच्या दृष्टीने अंगाशी येऊ शकतं. फक्त लिंक, तारीख आणि वेळ नोंदवा.

ओळखपत्र, पासपोर्ट काढून घेतले असतील तर ते हरवले असं लिहून देऊ नका. काढून घेतले, असंच लिहा. हा शब्द पुढे खटल्यात मोलाचा ठरतो.

मन

झोप न लागणं, दचकणं, सुन्न होणं, वेळेचा अंदाज जाणं हे सगळं अपेक्षित आहे. ज्याने कोंडून ठेवलं त्याचीच आठवण येणं, त्याला फोन करावासा वाटणं, हेही. मारणारा आणि जेवू घालणारा हात एकच असला की मन त्यालाच चिकटतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र ही गोष्ट लपवली जाते आणि मग एखाद्या रात्री माणूस परत जातो. एका विश्वासातल्या व्यक्तीला आधीच सांगून ठेवा: असं वाटलं तर मी तुला फोन करेन, तू मला रागावायचं नाहीस.

जुना प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटायला लागलं तर डोळे उघडे ठेवा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, टाचा दाबा. आजची तारीख आणि तुम्ही आत्ता कुठे आहात ते मोठ्याने म्हणा. समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या, चार गोष्टींना हात लावून पाहा, तीन आवाज ओळखा. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. डोळे मिटून ध्यान करायचा सल्ला सर्रास दिला जातो. काहींना त्याने अधिकच घाबरायला होतं. तसं झालं तर सोडून द्या.

समुपदेशन सुरुवातीलाच सगळं सांगण्यासाठी नसतं. आधी झोप, सुरक्षितता आणि रोजचा दिवस मार्गी लावायचा, आघाताच्या आठवणींवर काम त्यानंतर. त्यासाठीच्या एका परिचित पद्धतीत, आघातामुळे बनलेल्या समजुती तपासणाऱ्या उपचारात, साधारण १२ बैठका असतात. दीर्घकाळ कोंडून राहिलेल्यांना जास्त लागू शकतात. अशा आघातानंतर राहणाऱ्या मानसिक त्रासाला 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' म्हणतात आणि आयसीडी-११ या आंतरराष्ट्रीय आजारसूचीत त्याला वेगळी जागा आहे. एकाच बैठकीत सगळं वदवून घ्यायची पद्धत जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. समुपदेशक निवडताना विचारा: आघातावर काम केलंय का, माझी माहिती कुणाकुणाला कळेल, मधेच थांबायचं असेल तर काय. तिसऱ्या प्रश्नाला कपाळाला आठ्या पडल्या तर दुसरा समुपदेशक शोधा. दुभाषी लागणार असेल तर तो तुमच्या गावचा, समाजाचा किंवा नात्यातला नसावा.

'मी स्वतःच्या पायाने गेले होते' हे वाक्य फार जण मनात घेऊन फिरतात. संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा तस्करीविरोधी करार, पालेर्मो प्रोटोकॉल, याबाबत स्वच्छ आहे. फसवणूक, धाक किंवा असहायतेचा गैरफायदा घेतला असेल तर तुम्ही दिलेली संमती मोजली जात नाही. वय १८ च्या खाली असेल तर फसवणूक किंवा धाक सिद्ध करायचीही गरज नसते.

जबाब

आघाताची स्मृती तुकड्यांत येते. वास आठवतो, तारीख आठवत नाही. म्हणून पहिला जबाब आणि दुसरा जबाब जुळत नाहीत आणि उलटतपासणीत त्यालाच खोटेपणा म्हणतात. उपाय साधा आहे. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, अंदाज बांधू नका. तारखेऐवजी खुणा सांगा: पाऊस होता, सण होता, खिडकीतून कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. घरी एक वही ठेवा आणि जसं आठवेल तसं, आठवल्याच्या तारखेसकट लिहा, पण आधी वकिलाला विचारून, कारण ती वही न्यायालयात मागवली जाऊ शकते. सही करण्याआधी जबाब तुमच्या भाषेत वाचून घ्या.

जबाबाआधी सावरायला वेळ मागता येतो का, तेही विचारा. युरोप परिषदेच्या २००५ च्या तस्करीविरोधी करारात यासाठी किमान ३० दिवसांची मुदत आहे, आणि तस्करीत असताना बळजबरीने करावं लागलेल्या गुन्ह्यांसाठी शिक्षा न देण्याची शक्यता कायद्यात ठेवायलाही तो सांगतो. तुमच्या देशात अशी सोय आहे का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारण्यासारखे प्रश्न आहेत.

बोलायचं ठरवलं तर

खटला चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय जाहीर बोलू नका. व्यासपीठावर उच्चारलेलं प्रत्येक वाक्य बचावपक्षाच्या हाती पडू शकतं. खटला नसेल तर कागदावर तीन वर्तुळं काढा. बाहेरच्या वर्तुळात जगाला सांगायला हरकत नाही ते, मधल्यात निवडक माणसांना सांगायचं ते, आतल्यात फक्त समुपदेशकाला किंवा कुणालाच नाही ते. बाहेरच्या वर्तुळातलं मोठ्याने वाचून पाहा. त्या रात्री झोप लागली नाही, तर ती गोष्ट अजून बाहेरची झालेली नाही. तिला एक वर्तुळ आत ढकला.

निमंत्रण आलं की लेखी उत्तर मागा. श्रोते कोण, मानधन किती, प्रवासखर्च कोण देणार, चित्रीकरण होणार का, ते किती वर्षं आणि कुठे वापरणार, छापण्याआधी मला दाखवणार का, परवानगी मागे घेतली तर काय करणार? ३० जुलैच्या, म्हणजे मानवी तस्करीविरोधी जागतिक दिनाच्या आसपास संस्थांना वक्ते हवे असतात आणि घाई त्यांची असते, तुमची नव्हे. इतर सगळ्या वक्त्यांना मानधन आणि तुम्हाला फक्त पुष्पगुच्छ, असा प्रकार असेल तर सरळ विचारा.

भाषण दहा मिनिटांचं असेल तर स्वतःच्या अनुभवाला दोन मिनिटं पुरेत. उरलेली आठ काय बदलायला हवं यासाठी ठेवा: निवारागृहात दरवाजाला आतून कडी हवी, फॉर्ममधला अमुक प्रश्न काढा, दुभाष्याची सोय रात्रीही हवी. अत्याचाराचा तपशील जितका वाढतो तितकं श्रोत्यांना रडू येतं आणि तितकंच तुमचं म्हणणं मागे पडतं. नको त्या प्रश्नासाठी वाक्य पाठ ठेवा: 'त्याबद्दल मी बोलत नाही. तुम्ही निवारागृहांबद्दल विचारलंत तर सांगते.' सभागृहात सोबतीला एक व्यक्ती हवी आणि तिच्याशी ठरलेली खूण हवी. पाण्याची बाटली उलटी ठेवली की तिने येऊन कार्यक्रम थांबवायचा. दुसऱ्या दिवशी काही काम ठेवू नका.

चेहरा झाकला म्हणजे ओळख लपली असं नाही. आवाज, गोंदण, हातातली बांगडी, खिडकीबाहेरची इमारत, फोटोच्या फाइलमध्ये दडलेलं ठिकाण, यातून माणूस सापडतो. आणि तुमच्याबरोबर कोंडलेल्या इतरांची गोष्ट सांगायची परवानगी तुमच्याकडे नसते. त्यांचं नाव बदललं तरी नसते.

गोष्ट न सांगताही हे काम होतं. प्रशिक्षणाचं साहित्य तपासणं, दुभाषी होणं, फॉर्म आणि नियम वाचून त्यातल्या चुका दाखवणं. नव्याने सुटलेल्यांना आधार देण्याचं काम घेतलंत तर कामाचा फोन वेगळा ठेवा, तास ठरवा, कुणाला घरी राहायला नेऊ नका आणि महिन्यातून एकदा तरी अनुभवी समुपदेशकाशी स्वतःच्या कामाबद्दल बोला. अशी सोय नसलेल्या संस्थेत हे काम घेऊ नये, असं आमचं मत आहे.

दिलेली परवानगी मागे घ्यायची असेल तर फोनवर सांगू नका. लिहून द्या. त्यात मजकुराची लिंक, काय काढायचं, कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच असू द्या. कारण द्यायची गरज नाही. मेसेजची प्रत ठेवा आणि ठरलेल्या तारखेला लिंक स्वतः उघडू नका, सोबतच्या व्यक्तीला उघडून पाहायला सांगा.