ड्रायव्हर एका कोअरवर चालतो, चार कोअरवर गोठतो? लॉकिंगच्या या चुका टाळा

लिनक्सचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) एका कोअरच्या बोर्डावर महिनोनमहिने बिनतक्रार चालतो आणि चार कोअरच्या मशीनवर टाकला की गोठतो. मग हार्डवेअरवर खापर फुटतं. पण एका प्रोसेसरसाठी, प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं सुरू करणं) न ठेवता बांधलेल्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत जागच्या जागी फिरत वाट बघायला लावणारं कुलूप) जवळपास उरतच नाही. चूक पहिल्यापासून असते, तिथे ती नुसती झाकली जाते.

मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: ड्रायव्हरमधून डेटा वाचणारं रीड फंक्शन साध्या स्पिन_लॉकने लॉक घेतं आणि तोच लॉक इंटरप्ट हँडलरलाही (हार्डवेअरने हाक मारली की चालू काम थांबवून चालणाऱ्या कोडलाही) हवा असतो. लॉक हातात असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला, की हँडलर लॉक सुटायची वाट बघत फिरत राहतो. आणि हँडलर संपल्याशिवाय लॉक सोडणारा कोड पुढे सरकत नाही. तो कोअर अडकला. इंटरप्ट दुसऱ्या कोअरवर आला तर क्षणभर थांबून काम सुरळीत होतं, म्हणूनच ही चूक कधी तासाभरात, तर कधी आठवड्याने उगवते. रीडच्या बाजूला स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरा; ते लॉक घेतानाच आपल्या कोअरवरचे इंटरप्टही बंद करतं. लॉक न घेता नुसते इंटरप्ट बंद करून भागत नाही. ते फक्त आपल्या कोअरवर बंद होतात, बाकीचे कोअर तोच डेटा खुशाल बदलतात.

स्पिनलॉक धरून झोपू नका, म्हणजे कोअर दुसऱ्या कामाला देऊन थांबू नका. जीएफपी_कर्नल देऊन केमॅलॉक (मेमरी मागणं), म्युटेक्स (वाट बघताना झोपवणारा लॉक), कॉपी_टू_यूझर (प्रोग्रामच्या मेमरीत डेटा पोचवणं) हे सगळे झोपू शकतात. त्यात कॉपी_टू_यूझर फसवं: पान मेमरीत असेल तर झोपत नाही, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सुटून जातं. लॉकच्या आत डेटा स्थानिक बफरमध्ये घ्या, लॉक सोडा, मग कॉपी करा.

दोन लॉक लागत असतील तर त्यांचा क्रम सगळीकडे एकच हवा, नाहीतर दोघे एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकतात (डेडलॉक).

जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर आणताना आयऑक्टल (प्रोग्रामकडून ड्रायव्हरला खास हुकूम देणारं फंक्शन) जपून हलवा. 1996 च्या कर्नल 2.0 पासून असलेला बिग कर्नल लॉक (सगळ्या कर्नलसाठी एकच मोठा लॉक) 2011 मध्ये 2.6.39 मधून गेला. जुनं आयऑक्टल त्याच्या आडोशाला चालायचं. फंक्शन तसंच उचलून अनलॉक्ड_आयऑक्टलमध्ये (त्या लॉकशिवाय चालणाऱ्या नव्या जागी) लावलं, तर दोन प्रोसेस एकाच वेळी आत शिरतात. तिथे स्वतःचा म्युटेक्स घाला.

हे सगळं डोळ्यांनी शोधत बसू नका. टेस्टच्या कर्नलमध्ये कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग आणि कॉन्फिग_डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप (स्पिनलॉक धरून झोपणं पकडणारा) हे कर्नल बांधतानाचे पर्याय चालू करा. पहिल्या पर्यायाने जागा होणारा लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारा कर्नलचा भाग) प्रत्यक्ष डेडलॉकची वाट बघत नाही; उलटसुलट क्रम वेगवेगळ्या वेळी घडला तरी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) दोन्ही कॉल ट्रेस, म्हणजे कोड तिथवर कसा पोचला त्या यादी, छापतो.